शूर्पारकाचे पाणी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावर रोज सकाळी गाडीत शिरण्यासाठी धडपडणाऱ्या प्रवाशाला आपण एका प्राचीन बंदराच्या वेशीवर उभे आहोत याची जाणीव क्वचितच असते. पश्चिमेस थोडे चालत गेले की सोपारे गाव लागते. प्राचीन ग्रंथांतील शूर्पारक ते हेच. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकांच्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी जैन तीर्थांच्या मालिकेत सोपाऱ्याची गणना केली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक व सुवर्णपुष्पे हाती आली. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. राजांनी मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे त्यात सांगितले आहे.

या नगराची कीर्ती व्यापाऱ्यांनी वाढविली. इ. स. १०९४ च्या शिलाहार ताम्रपटात श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमूल्य या बंदरांवरील जकात दोन श्रेष्ठी बंधूंना माफ केल्याची नोंद आहे. परंतु त्याहूनही बोलका पुरावा घाटमाथ्यावर आहे. जुन्नरजवळील नाणेघाटात एका पाण्याच्या टाक्यावर लहानसा लेख आहे: हे टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान होय. त्या घाटातून मालाचे तांडे चढत. तहानलेल्या वाटसरूसाठी सोपारकराने कातळात पाणी साठवून ठेवले. त्याचे घराणे, त्याची संपत्ती यांतले काही उरले नाही. पाण्याचे दान तेवढे उरले.

हीच दृष्टी वसई तालुक्याच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके जपली. एका बाजूस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. अशा भूमीत गोडे पाणी टिकविणे सोपे नव्हते. त्यासाठी वाडीवाडीत बावखले खोदण्यात आली. पावसाळ्याचे पाणी या उथळ तळ्यांत साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि भूगर्भातील खाऱ्या पाण्यास दूर ठेवी. त्यावर रहाट चाले आणि केळी, पानवेली, फुलझाडे व भाजीपाला पोसला जाई. उन्हाळ्यात काढलेला गाळ वाडीत खत म्हणून पडे. सामवेदी, वाडवळ, भंडारी, ख्रिस्ती अशा सर्व समाजांची ही सामाईक विद्या होती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर भूगर्भातील साठा हे मुद्दल आणि पाऊस हे व्याज. वसईकर व्याजावर जगला. मुद्दलास त्याने हात लावला नाही.

१८६४ साली रेल्वे आली, १८६७ पासून विरारहून मुंबईस लोकल धावू लागली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झाले. वाडीतील फुले व भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. पुढे मुंबईत घर न परवडणारे श्रमिक व मध्यमवर्गीय याच गाडीने इकडे आले. त्यांना येथे निवारा मिळाला, हे या भूमीचे उपकारच म्हणावे लागतील. मात्र इमारती पाण्याआधी उभ्या राहिल्या. वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. २०२४ साली ते निवर्तले. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न निवर्तलेला नाही.

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये तालुका पालघर जिल्ह्यात गेला. दरम्यान अनेक बावखले भरावाखाली गेली. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या. पावसाळ्यात अंगणात पूर आणि उन्हाळ्यात दारी टँकर, हा विरोधाभास वरवरचा आहे. पाणी मुरण्याची जागा बुजविली की ते रस्त्यावर साचते, आणि जे मुरले नाही ते उन्हाळ्यात विहिरीत कोठून येणार? दोन्ही संकटांचे मूळ एकच.

उपाय आवाक्याबाहेरचा नाही. उरलेल्या बावखलांची नोंद व्हावी, उन्हाळ्यात त्यांतला गाळ निघावा. प्रत्येक वास्तूच्या गच्चीवरील पाणी शोषखड्ड्यात उतरावे. मग ती शाळा असो, धर्मशाळा असो वा सोसायटी. ज्याच्या वाडीत बावखल आहे, त्याच्यावर ते बुजविण्याची वेळ येऊ नये, म्हणून समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. पाण्याचा अपव्यय न करणे हा संयम होय आणि पाणी राखून ठेवणे हे दान होय.

दानशूरांची नावे संगमरवरी पाट्यांवर कोरली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले, ते एका टाक्याच्या काठावर. येणाऱ्या पन्नास वर्षांत या गावी असे एखादे बावखल कोणाच्या तरी नावाने भरलेले दिसावे, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सदिच्छा.