सणाचे पातेले आणि गुळाचे माप

श्रावणात गोमंतकातल्या परसांतून हळदीची पाने हातभर लांब होतात आणि नागपंचमीच्या सकाळी ती खुडून स्वयंपाकघरात येतात. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर लिंपावा, त्यावर नारळ व गूळ एकत्र शिजवून केलेले चून पसरावे, पान मधोमध मिटावे आणि वाफेवर उकडावे, ही पातोळ्यांची रीत घरोघर ठाऊक आहे. ख्रिस्ती घरांतूनही १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला याच पातोळ्या होतात. वाफेबरोबर पानाचा सुवास माजघरापर्यंत जातो. आणि त्या माजघरात पुष्कळदा एक वडीलधारे माणूस बसलेले असते, ज्याच्या पानावर पातोळी वाढायची नसते.

अशी माणसे थोडी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेही प्रौढांची संख्या दहा कोटींच्या वर जाते, आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे शंभरात २६ हून अधिक, आढळले. चार प्रौढांच्या पंगतीत एक, असा त्याचा ढोबळ अर्थ.

या एकासाठी घरात काय होते? सूनबाई मायेने म्हणते, “आई, तुमच्यासाठी वेगळी खीर केली आहे हो.” त्या वेगळ्या खिरीत गोड गोळ्या विरघळवलेल्या असतात आणि दुसऱ्या घासाला जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. सासूबाई “राहू दे गो, मला भूक नाही,” म्हणून वाटी सारतात. दुपारी सारे निजल्यावर डब्यातल्या दोन पातोळ्या कमी होतात, आणि संध्याकाळी रक्तातली साखर का चढली याचा कुणाला उलगडा होत नाही. दोष जिभेचा कमी आणि त्या वेगळ्या वाटीचा अधिक आहे. सणाचे गोड हे एकत्र खाण्याचे अन्न. ते एकट्याला निराळे करून दिले की पथ्य न राहता शिक्षा होते. तेव्हा आजारी माणसासाठी वेगळे पातेले चढवण्यापेक्षा घराच्या पातेल्यातला गूळच उतरवावा, हा सरळ मार्ग. त्यात निरोगी माणसांचेही काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेले प्रमाण पाहिले, तर वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दशांशाहून कमी असावा, आणि शक्य तर विसाव्या हिश्शाहून कमी. दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसाला हा विसावा हिस्सा २५ ग्रॅम होतो, म्हणजे चहाचे सुमारे सहा चमचे.

येथे एक गोड गैरसमज आडवा येतो. “साखर वाईट, गूळ चालतो,” असे अनेक घरांतून ठामपणे सांगितले जाते. उसाचा गूळ घ्या की माडाच्या सुरेपासून आटवलेला काळा गूळ घ्या, त्याचा बहुतेक भाग साखरच असतो. शंभर ग्रॅम उसाच्या गुळात सुमारे ८५ ग्रॅम. मधाची आणि खजुराची गोष्टही फार निराळी नाही, खजुरात चोथा असतो इतकेच. माडाच्या गुळाची चव अप्रतिम आहे आणि चवीसाठी तो जरूर वापरावा. औषध म्हणून वापरू नये.

आता मणगण्याचे उदाहरण घ्यावे. हरभऱ्याची डाळ, थोडा साबुदाणा, नारळाचा रस, गूळ, काजू व वेलची इतकाच त्याचा पसारा. समजा, आठ माणसांच्या मणगण्यात २०० ग्रॅम गूळ पडतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत २५ ग्रॅम गूळ, आणि त्यातली साखर सुमारे २१ ग्रॅम. दिवसाचे माप एका वाटीतच जवळजवळ संपले. गूळ १०० ग्रॅमवर आणला, तर वाटीत साडेदहा ग्रॅम साखर उरते. मात्र हे एका दिवसात करू नये. मुले नाक मुरडतील आणि प्रयोग तेथेच संपेल. पहिल्या खेपेस १५० ग्रॅम, पुढच्या सणाला सव्वाशे, मग शंभर. जीभ सवयीची गुलाम आहे खरी, पण सवय बदलली की मालकही बदलतो; काही महिने कमी गोड खाणाऱ्याला जुने प्रमाण स्वतःहूनच अति वाटू लागते.

कमी गुळात गोडी राखण्याच्या युक्त्या जुन्या सुगरणींच्या हातात आहेतच. गोड पदार्थ कोमट असताना अधिक गोड लागतो, थंड झाला की गोडी मंदावते. म्हणून मणगणे गरम वाढावे, शीतकपाटातून काढून नव्हे. चिमूटभर मीठ गोडी उठवते. वेलची ताजी कुटलेली असावी, वर्षभर बाटलीत राहिलेली पूड निरुपयोगी. डाळ पुरी शिजल्यावरच गूळ घालावा, नाहीतर ती दडस राहते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो चमचाभरच घ्यावा आणि दाटपणासाठी थोडी डाळ पळीने घोटावी. नारळाचा दाट रस शेवटी घालून पातेले लगेच उतरवावे. तो उकळला की फाटतो. या रसात स्निग्धांश भरपूर असतो, म्हणून वाटी लहान हवी, हेही खरे.

पातोळीत अडचण वेगळी आहे. गुळाचा पाक खोबऱ्याला बांधून ठेवतो. गूळ कमी केला की चून भुगभुगीत होऊन पान उघडताना सांडते. त्यावर उपाय म्हणजे चून शिजताना दोन चमचे दाट रस घालून ते मंद विस्तवावर ओलसर असतानाच उतरवणे. पातोळीची एक बाजू मात्र जमेची आहे. बाहेरचे आवरण अगोड असते आणि गोडी मध्ये एका रेघेत असते, त्यामुळे ती थोडी असूनही जिभेला स्पष्ट कळते. हळदीच्या पानाचा वास उरलेले काम करतो.

सगळीकडे मात्र हे चालत नाही. पेराड, म्हणजे पेरूच्या गराची वडी, साखरेवरच उभी असते. साखर गरातले पाणी धरून ठेवते म्हणून वडी घट्ट बसते आणि बुरशी धरत नाही. तिथे साखर निम्मी केली तर वडीही नाही आणि टिकाऊपणाही नाही. असा पदार्थ बिघडवून खाण्यापेक्षा अस्सल करावा, नखाएवढा कापावा आणि वर्षातून एकदाच करावा.

गोड गोळ्यांविषयीही दोन शब्द. अ‍ॅस्पार्टेम फार वेळ शिजवले की त्याची गोडी जाते. शिवाय वजन घटवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. मधुमेह झालेल्यांना मात्र तो सल्ला लागू केलेला नाही. त्यांनी आपल्या वैद्यांनाच विचारावे.

मधुमेह्याच्या पानावर पातोळी वाढताना तांदूळ विसरू नये. गूळ निम्मा झाला तरी पिठाचे शेवटी रक्तात ग्लुकोजच होते. म्हणून एक लहान पातोळी जेवणासोबत, आणि तितका भात त्या दिवशी कमी. जेवल्यावर दोन तासांनी घरच्या यंत्रावर रक्त तपासले, तर ती कितपत सोसली हे त्या त्या माणसापुरते कळते. गोळ्या किंवा इन्सुलिनचे प्रमाण मात्र सणासाठी मनाने वाढवू नये. साखर एकदम उतरून घाम, कंप आणि भोवळ येण्याचा धोका असतो. तसे झाले आणि माणूस शुद्धीवर असला, तर सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा रक्त तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. म्हणून गूळ कितीही कमी केला, तरी साखरेचा एक छोटा डबा सासूबाईंच्या हाताशी राहू द्यावा, आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.