करारातले एक कलम

स्टॅव्हुडिन हे रसायन १९६०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट येथे जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी तयार केले. त्या रोगावर ते चालले नाही आणि अडगळीत पडले. दोन दशकांनी येल विद्यापीठातल्या विल्यम प्रुसॉफ आणि ताय-शुन लिन यांच्या ध्यानात आले, की हेच रसायन एचआयव्हीची वाढ रोखते. प्रयोगशाळेला सरकारी पैसा होता, तरी पेटंट विद्यापीठाच्या नावावर झाले.

याला आधार होता १९८०च्या बे-डोल कायद्याचा. त्याआधी सरकारी खर्चाने लागलेल्या शोधांची मालकी बहुधा सरकारकडे जाई आणि बहुतेक पेटंटे कपाटात धूळ खात पडत. नव्या कायद्याने मालकी विद्यापीठांना दिली. मग तंत्रज्ञान हस्तांतरणाची कार्यालये जोमाने वाढली. प्राध्यापकाने शोध कळवायचा, कार्यालयाने पेटंट घ्यायचे, कंपनी गाठायची आणि येणाऱ्या स्वामित्वधनात तिघांचा वाटा ठरवायचा: संशोधक, विभाग, विद्यापीठ.

येलने स्टॅव्हुडिनचा परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या एकाच कंपनीला दिला. १९९४मध्ये औषध बाजारात आले आणि विद्यापीठाला कोट्यवधी डॉलर मिळू लागले. इथवर सगळे रीतसर होते.

२००१च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत ४० लाखांहून अधिक लोक एचआयव्हीबाधित होते. अमेरिकेत तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला १० हजार डॉलरच्या वर खर्च येई. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी तसाच उपचार, स्टॅव्हुडिनसकट, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पण पेटंट आडवे येत होते. ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेने येलला पत्र लिहून विचारले, की स्वस्त औषध दक्षिण आफ्रिकेत आणू द्याल का? उत्तर आले: परवाना एकाच कंपनीला दिला आहे, निर्णय तिचा.

विद्यापीठाच्या आवारातच मग सह्यांची मोहीम उभी राहिली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती चालवली आणि खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्याने शोध लावला तोच म्हणू लागला, की हे औषध गरिबांपर्यंत जायलाच हवे. मार्चमध्ये कंपनीने जाहीर केले, की दक्षिण आफ्रिकेत पेटंट आडवे आणणार नाही. मूळ करारातच गरीब देशांसाठी एक कलम घातले असते, तर मोहिमेची वेळच आली नसती.

असे कलम घातले की उत्पन्न बुडते, असे सांगितले जाते. पण कोहेन आणि बॉयर या संशोधकांच्या जनुक-जोडणीच्या तंत्राचा परवाना स्टॅनफर्डने कोणा एकाला दिला नाही. माफक वार्षिक शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला दिला. शेकडो कंपन्यांनी तो घेतला. १९९७मध्ये पेटंटची मुदत संपली तेव्हा एकूण उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. दार उघडे ठेवूनही तिजोरी भरली!

आपल्याकडे बे-डोलच्या धर्तीचे विधेयक २००८मध्ये राज्यसभेत आले, पुढे ते मागे घेण्यात आले. शोध बाजारात आणण्याचे काम मात्र थांबलेले नाही. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह रक्ताच्या कर्करोगावरची सीएआर-टी पेशींची उपचारपद्धती विकसित केली, तिच्यासाठी ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी काढली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये या उपचारपद्धतीला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशातल्या किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात ती मिळते. तरीही खर्च काही लाखांत आहे आणि बहुतेक घरांना तो झेपणारा नाही. म्हणून किमतीचा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

तो विचारायला एक जागा आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर मत देऊन प्रतिनिधी पाठवतात. इथे बसलेल्या पदवीधरांनी पुढच्या निवडणुकीत उमेदवारांना एवढे जरूर विचारावे: विद्यापीठ जे परवाना-करार करते ते अधिसभेपुढे ठेवायला लावाल का, आणि किमतीचे कलम त्यांत घालून घ्याल का?