फळ्याच्या कोपऱ्यातलं गणित

(आपल्या १९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. गेल्या वर्षभरात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सहा-सात जणांनी मला वेगवेगळा मेसेज करून एकच गोष्ट विचारली. "अमेरिकेतल्या विद्यापीठांत शाळेतल्या मुलांसाठी उन्हाळ्यात कार्यक्रम असतात म्हणे. आमच्या मुलासाठी काय करायचं?" मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्या मुलीने असा एक अर्ज केला होता, एवढीच माझी पात्रता. तेव्हा एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगते. त्यात माझी एक चूक आहे, आणि एक जुनी उधारी आहे. तीही आज फेडायची आहे.

आधी कामाचं. हे कार्यक्रम दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत मोठ्या विद्यापीठाचं नाव असतं, राहायला तिथलं वसतिगृह असतं, फी भरपूर असते आणि फी भरायची तयारी असलेल्या बहुतेकांना जागा मिळते. मुलं दोन-तीन आठवडे राहून येतात, मित्र होतात, फोटो छान येतात. त्यात वाईट काही नाही. पण तिथे जाऊन आलं की पुढे त्याच विद्यापीठात प्रवेश पक्का, हा समज कुणी करून देत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

दुसरी जात वेगळी. तिथे जागा थोड्या आणि निवड कडक. गणितातली दोन उदाहरणं देते. अर्नोल्ड रॉस नावाच्या गणितज्ञांनी १९५७ साली नोत्र दाम विद्यापीठात एक उन्हाळी कार्यक्रम सुरू केला आणि १९६४ मध्ये तो ओहायो स्टेट विद्यापीठात नेला. तो त्यांच्या नावाने आजही चालतो. त्या मुशीत घडलेल्या मंडळींनी पुढे १९८९ मध्ये बॉस्टन विद्यापीठात 'प्रॉमिस' हा कार्यक्रम सुरू केला. दोन्हीकडे सहा आठवडे राहायचं आणि संख्या सिद्धांतातले प्रश्न स्वतःच्या डोक्याने सोडवत बसायचं. विज्ञानाच्या बाजूला एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट आहे, १९८४ पासूनची. तिथे निवड झाली की शिकण्याचे आणि राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. रॉस आणि प्रॉमिसला फी आहे, पण ऐपत नसलेल्यांना मदतही मिळते. म्हणून फीचा आकडा बघून लगेच पान उलटू नका.

या गणिताच्या कार्यक्रमांचा अर्ज कसा असतो? शाळेचे गुण लागतात, शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, स्वतःविषयी थोडं लिहावं लागतं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते काही गणितं देतात. ती तीन तासांत सोडवायची नसतात, त्यासाठी काही आठवडे हातात असतात. नुसतं उत्तर चालत नाही. कसं सुचलं, कुठे अडलं, नियम खरा का आहे, हे सगळं लिहायचं. अर्धवट सुटलेलं असलं तरी पाठवायचं. आणि एक अट: कुणाला विचारायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही.

आता माझी चूक.

मुलगी तेव्हा दहावीत होती. जानेवारीत तिने गणितं डाउनलोड केली आणि जेवणाच्या टेबलावर वह्या पसरल्या. त्यातलं एक गणित तिला दोन आठवडे सुटत नव्हतं. रात्री साडेदहाला मी भांडी आवरताना बघायचे, तर ही पानं खोडतेय. कुठल्या आईला हे बघवेल? शिवाय मी सॉफ्टवेअरवाली. एका रात्री ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला, दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि पहिल्या हजार संख्यांचं काय होतं ते छापून काढलं. नियम डोळ्यांना सरळ दिसला. सकाळी पोहे खाता खाता मी म्हणाले, "अगं, त्या अमुक संख्यांकडे जरा बघ ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू का सांगितलंस?" आणि पोहे तसेच टाकून शाळेत गेली.

मला वाटलं, होईल शांत. झालीही. त्या नियमाचं कारण तिने पुढे आठवडाभर बसून स्वतः शोधलं. पण अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी तिने मला त्या उत्तराचं पान वाचायला दिलं. वर पहिलीच ओळ होती: 'माझ्या आईने प्रोग्राम लिहून नियम पाहिला आणि मला सुचवला. तो मी शोधलेला नाही. पुढची सिद्धता माझी आहे.'

खोटं कशाला सांगू, मला घाम फुटला. मी म्हणाले, "एवढं कोण लिहितं? सगळ्यांचे आईवडील मदत करतच असतील. काढून टाक ती ओळ." आमचं चांगलंच वाजलं. शेवटी ती म्हणाली, "ही ओळ काढली आणि मला घेतलं, तर त्यांनी कुणाला घेतलं असेल? तुला की मला?" तिने ओळ ठेवली. अर्ज गेला.

एप्रिलमध्ये नकार आला. कारण ते सांगत नाहीत. त्या ओळीमुळे नाही म्हणाले की आणखी हुशार मुलं होती म्हणून, ते मला कधी कळणार नाही. पण वर्षभर ही टोचणी माझ्यापाशी आहे, की मी त्या रात्री लॅपटॉप उघडला नसता तर ती ओळ लिहावीच लागली नसती. तिच्या हातून गेलं ते असं: दोन आठवडे झगडून ती कदाचित तिसऱ्या आठवड्यात तिथे पोहोचली असती. तो आनंद तिचा होता. मी तो पोह्यांबरोबर वाढून टाकला.

दोन दिवस तिने खोलीचं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी बाहेर आली ती त्याच वह्या घेऊन. एक गणित अर्धवट राहिलं होतं, ते तिला पुरं करायचं होतं. आता अर्जही नव्हता आणि मुदतही नव्हती. ऑगस्टमध्ये ते सुटलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तेवढं शिकले होते.

आणि त्याच उन्हाळ्यात मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण आली. नाव घ्यायला नको, सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्याच आहेत. आठवतंय ना? इतर वर्गांत फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार असायचा. आपल्या वर्गात सर दर सोमवारी तिथे एक गणित लिहायचे आणि खाली 'पुसू नये'. १९९६ सालची गोष्ट. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड भरलं होतं. जगभरची मुलं आपल्या राज्यात आली होती आणि आपल्या गावात कुणाला पत्ता नव्हता. पण आपल्याकडे तो कोपरा होता.

त्यात एकदा सरांनी लिहिलं: ९ म्हणजे ४ + ५. १५ म्हणजे ४ + ५ + ६. दोन किंवा जास्त लागोपाठच्या संख्यांची अशी बेरीज करून कोणत्या संख्या मिळत नाहीत? का?

शनिवारी मी हात वर केला आणि ऐटीत सांगितलं, "१, २, ४, ८, १६... दोनाचे घात." सर म्हणाले, "बरोबर. का?" मी गप्प. कारण सर, ते उत्तर माझं नव्हतं. दादा इंजिनिअरिंगला होता, त्याला मी शुक्रवारी रात्री विचारलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "सोमवारी सांग." सोमवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तुम्ही विचारलं नाहीत.

ते कारण मी त्या ऑगस्टमध्ये शोधलं, लॅपटॉप न उघडता. चार रात्री लागल्या. आता सांगते. लागोपाठच्या संख्यांच्या बेरजेची दुप्पट म्हणजे 'एकूण किती संख्या' गुणिले 'पहिली अधिक शेवटची'. ४ + ५ + ६ ची दुप्पट ३०, म्हणजे ३ गुणिले १०. आता, संख्या किती आहेत तो आकडा विषम असेल, तर पहिली आणि शेवटची दोन्ही सम किंवा दोन्ही विषम, म्हणून त्यांची बेरीज सम. तो आकडा सम असेल तर एक सम आणि एक विषम, म्हणून बेरीज विषम. म्हणजे या दोन गुणकांपैकी एक नेहमी विषम, आणि तो १ पेक्षा मोठा. दोनाच्या घाताची दुप्पट हाही दोनाचाच घात. त्याला १ सोडून विषम गुणकच नाही. म्हणून ते जमत नाही. बाकीच्या सगळ्या संख्या मिळतात, हे दाखवायला याच वाटेने उलट यायचं. ते जेवताना कागदावर दाखवते.

तर मेसेज करणाऱ्या सगळ्यांना माझं उत्तर असं. मुलाला मनापासून आवड असेल तर जरूर अर्ज करू द्या. अमेरिकाच हवी असंही नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे ऑलिंपियाडसाठी निवडलेल्या मुलांची शिबिरं भरतात. त्या वाटेवरच्या पहिल्या परीक्षेची चौकशी शाळेत करा. अर्ज लिहून देणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. मुदत, पैशाची सोय, पासपोर्ट, व्हिसा हे आपण सांभाळायचं. गणित मुलांचं. आणि ती अडून बसली की चहा करून द्या, हवं तर पोहे करा, पण तोंड बंद ठेवा. नकार आला तर वह्या टाकू देऊ नका.

सर, तुम्ही दिलेला सोमवार उजाडायला मला जरा उशीर झाला. पण या वेळचं कारण माझं आहे.