हार घालण्यापूर्वी
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी दोन शब्द बोलावे असा चिटणीसांचा आग्रह झाला. मी काही वक्ती नव्हे. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले आणि निवृत्तीनंतर आपल्या संस्थेचा मुलांचा रविवारचा वर्ग सांभाळते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा त्या वर्गाविषयीच बोलावे हे बरे. विषय असा, की आपल्या राष्ट्रपुरुषांची आणि थोर स्त्रियांची ओळख मुलांना कशी करून द्यावी.

प्रारंभी एक कबुली देते. शाळेत असताना प्रत्येक जयंतीला मुलांची भाषणे मीच लिहून देत असे. 'थोर देशभक्त', 'अलौकिक त्याग', 'आपणही त्यांच्या पावलावर पाऊल ठेवू या' अशी वाक्ये ठरलेली होती. नाव तेवढे बदलायचे. एके वर्षी २ ऑक्टोबरला एका लहान मुलीने हात जोडून, अगदी खणखणीत आवाजात, गांधीजींवर टिळकांचे भाषण म्हणून दाखविले. नाव गांधीजींचे, बाकी मजकूर ऑगस्टमधला! कोणाच्याही ध्यानात आले नाही. टाळ्या पडल्या. माझ्या मात्र ध्यानात आले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्या पोरीची नव्हती. मीच तिला असे भाषण दिले होते, की जे कोणालाही लागू पडावे.

त्यानंतर मी ठरविले की, मुलांना सांगायचे ते आधी त्यांच्या हातापायांतून जाऊ द्यावे आणि मग ओठांवर येऊ द्यावे. आपल्या मुलांच्या बाबतीत तर याची अधिकच गरज आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, अशी त्यांची ओढाताण. पुस्तकी मराठी त्यांना जड जाते. हाताला भाषेची अडचण पडत नाही. हात काम करू लागला की शब्द आपोआप मागून येतात, असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रयोग दांडीयात्रेचा. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि चोवीस दिवसांनी, ५ एप्रिलला, दांडीस पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. हे आकडे मुलांना पाठ होते. मी म्हटले, भागाकार करा. दिवसाला सुमारे १६ किलोमीटर पडले. आपल्या या सभागृहाभोवतालच्या आवाराची एक फेरी अंदाजे १०० मीटरांची आहे, म्हणजे एका दिवसाच्या मजलेला १६० फेऱ्या झाल्या. वर्गात मुले वीस. प्रत्येकाने आठ फेऱ्या घातल्या तेव्हा सर्वांची मिळून एका दिवसाची वाटचाल झाली. उन्हात घामाघूम होऊन सारी ओट्यावर बसली, तेव्हा त्यांना सांगितले की, गांधीजी त्या वेळी साठ वर्षांचे होते आणि हे सारे त्यांनी स्वतः चालून पार पाडले. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्या आजोबांएवढे!" आणि त्याचे आजोबा, जे नातवाला न्यायला आले होते, ते काठी टेकीत दोन फेऱ्या घालून आले.

पुढल्या रविवारी एका पालकांनी दांडीच्या किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणून दिले. ते फडक्यातून गाळून पसरट थाळ्यांत ओतले आणि गच्चीवर ठेवले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. काही दिवसांनी थाळ्यांच्या तळाशी मळकट पांढरा थर उरला. मुलांनी बोटाने खरवडून चाखला. खारटपणामागून थोडा कडवटपणा आला. "यावर कर होता?" असा प्रश्न लगेच आला. मग गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठावरही सरकारची मक्तेदारी कशी होती, आणि एवढ्या क्षुल्लक वस्तूवर गांधीजींनी बोट का ठेवले, हे समजावायला मला पाच मिनिटे पुरली. एरवी तासभर बोलूनही ते साधले नसते.

आता फसलेला प्रयोगही सांगितला पाहिजे. सावित्रीबाई फुल्यांवर आम्ही नाटुकले बसविले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेणचिखल फेकीत, हा प्रसंग घेतला. चिखलाऐवजी कागदाचे बोळे दिले. तालमीत असे दिसले की, सर्व मुलांना फेकणारे व्हायचे आहे. बोळे सुटू लागले तसा हशा पिकला, कोणी बोळ्यात खडा गुंडाळला, आणि सावित्रीबाई झालेली मुलगी रडत आत गेली. छळाचा प्रसंग रंगवायला गेले आणि छळाचीच गंमत मुलांना शिकवून बसले. त्या मुलीची मी क्षमा मागितली आणि ते नाटुकले बंद केले.

त्याऐवजी मुलांना काम दिले: घरात, शेजारी किंवा कामाला येणाऱ्या मंडळींत ज्यांना लिहिता येत नाही अशा एका व्यक्तीला महिनाभरात स्वतःचे नाव लिहायला शिकवा. हे काम सोपे नाही, हे मुलांना चारच दिवसांत कळले. "मावशींना वेळच नसतो," "त्या लाजतात," "त्या म्हणतात, आता या वयात कशाला," अशा तक्रारी आल्या. मी म्हटले, सावित्रीबाईंनाही हीच उत्तरे ऐकावी लागली असतील. महिन्याअखेर अकरा नावे आमच्या वहीत आली. वेडीवाकडी असतील, पण ती ज्यांची त्यांच्याच हातची आहेत. आज बाहेर प्रदर्शनात ती वही ठेवली आहे. जाताना अवश्य पाहावी.

आपल्या नगरीचे भूषण श्रीमंत सयाजीराव महाराज. त्यांच्याविषयी आपल्या घरांतून प्रेमाने बोलले जाते, पण बहुधा वाडे, हत्ती आणि जवाहीर यांविषयी. मी मुलांना सांगितले की, हा मुलगा १८७५ साली कवळाण्याहून दत्तक म्हणून येथे आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याचे शिक्षण तेव्हा कुठे सुरू झाले. त्याच मुलाने पुढे १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून राज्यभर ग्रंथालये उभारण्याचे काम हाती घेतले आणि खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या. मग आम्हीही एक पेटी केली. पत्र्याची जुनी ट्रंक रंगवून तीत घराघरांतून आणलेली तीस पुस्तके ठेवली आणि नोंदवही घेऊन मुले दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतील ओळखीच्या घरी जाऊ लागली. एका आजींनी पुस्तक घेतले, पण "डोळ्यांना दिसत नाही रे, वाचून कोण दाखवणार?" असे म्हणाल्या. तेव्हापासून पेटीबरोबर एक वाचणाराही जातो. हे मी सुचविलेले नाही, मुलांनीच ठरविले.

राज्यघटना शिकविताना प्रथम वर्गाचे नियम मुलांकडूनच करून घेतले. मसुदा समिती नेमली, कलमे लिहिली, एकेका कलमावर चर्चा आणि मतदान झाले. संविधानसभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला भरली आणि घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली. एवढा वेळ का लागला, असे विचारणाऱ्या मुलांना पाण्याच्या रांगेच्या एका कलमावर दोन रविवार गेल्यावर उत्तर मिळाले. त्याच वेळी त्यांना हंसाबेन मेहतांची गोष्ट सांगितली. येथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या त्या पहिल्या कुलगुरू आणि संविधानसभेच्या सदस्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तो बदलून 'सर्व मानव' अशा अर्थाचा शब्द यावा यासाठी त्या झटल्या, आणि १९४८ साली तो जाहीरनामा त्या बदललेल्या शब्दानेच मान्य झाला. मी मुलांना म्हटले, आपल्या नियमांत असा कोणाला बाहेर ठेवणारा शब्द आहे का, शोधा. नियम होता: "ज्याला मराठी चांगले लिहिता येते त्याने फळ्यावर सुविचार लिहावा." मागच्या रांगेतल्या एका गुजराती शाळेतल्या मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "मग माझी पाळी कधीच येणार नाही." कलम बदलले: "ज्याची पाळी असेल त्याने लिहावा, अडल्यास शेजाऱ्याने मदत करावी." आता फळ्यावर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ असतात. त्या मी आनंदाने सोसते.

आता शेवटचा प्रसंग. तो सांगावा की नाही, याचा मी बराच विचार केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेस पाठविले, हे आपण अभिमानाने सांगतो. तेथेच थांबतो. मीही कित्येक वर्षे तेथेच थांबत होते. पुढचे असे, की १९१७ साली ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीसाठी आले तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी उतारगृहात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून निघून जाण्यास सांगितले. दोन परिचितांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग कमाटीबागेत सुमारे पाच तास बसून त्यांनी रात्री नऊची मुंबईची गाडी धरली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, पण शहराची खोली मिळाली नाही. ते शहर आपले आहे, आणि आपल्या आजोबा-पणजोबांची घरे तेव्हा याच गल्ल्यांत होती.

एका रविवारी दुपारी चार वाजता मी मुलांना कमाटीबागेत नेले. प्रत्येकाने कपड्यांनी भरलेली पिशवी आणायची होती. तासभर खेळायचे नाही, खायचे नाही, पिशवी सांभाळीत बसायचे. आधी कुजबूज झाली, मग कंटाळा आला, मग शांतता पसरली. समोरून खेळण्यातल्या आगगाडीकडे धावणारी इतर मुले दिसत होती. तासाने मी वर सांगितलेली हकीकत सांगितली आणि विचारले, "अजून चार तास बाकी आहेत. तुम्ही कोणाचे दार ठोठावाल?"

मुलांनी नातेवाइकांची नावे घेतली. एक सहावीतली मुलगी मात्र म्हणाली, "बाई, आपल्या संस्थेचे अतिथिगृह आहे ना? तेथे मिळाली असती का जागा?"

मी म्हटले, "आज मिळेल." ती म्हणाली, "पण बाई, अर्जात 'ज्ञाती' असा रकाना आहे. माझ्या मामाचा अर्ज मीच भरला होता. तो कशासाठी?"

मंडळी, हा अर्ज मी स्वतः पाहुण्यांसाठी कितीतरी वेळा भरला आहे. तो रकाना मला कधी दिसलाच नाही. म्हणजे डोळ्यांना दिसला, हाताने भरला, पण मनाला शिवला नाही. संस्थेने त्या रकान्यावरून कोणाला परत पाठविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जुन्या छापील नमुन्यातून तो तसाच पुढे चालत आला असावा. पण मुलीने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि "मोठी झालीस की कळेल" असे म्हणायला जीभ उचलली नाही. मी तिला सांगितले, "हा प्रश्न मी विश्वस्तांपुढे मांडीन." तो आज मांडते आहे. महोत्सवी वर्षात अर्जाचे नवे नमुने छापावयाचे आहेत असे समजते. नमुना छापखान्यात जाण्यापूर्वी विश्वस्तांनी या रकान्याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. उत्तर मला देण्याची गरज नाही. त्या मुलीला द्यावे. ती आज पुढेच बसली आहे.

पालकांना एवढेच सांगते, की या साऱ्या प्रयोगांना खर्च जवळजवळ काही आला नाही. थाळ्या, ट्रंक, पिशव्या, सारे घरचेच. लागतो तो वेळ. आणि मूल खरा प्रश्न घेऊन आले तर तो ऐकण्याची तयारी. थोरांच्या तसबिरीला हार जरूर घाला, मीही घालते. पण त्यापूर्वी त्यांच्या कामाचा एखादा लहानसा वाटा मुलांच्या हातून आणि आपल्याही हातून होऊ द्या.