फॉरमॅट करण्याआधी

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



याच ठिकाणी काल-परवा कीर्तन झाले, नाट्यगीते झाली. त्यानंतर घरचा कॉम्प्युटर का बंद पडतो हा विषय म्हणजे पंगतीत श्रीखंडानंतर काढा वाढण्यासारखे आहे. पण कार्यकारिणीने हा विषय दिला, त्याला कारण आहे. मंडळातले आम्ही तिघे, तिघेही राज्य शासनाचे नोकर, पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, आठवडाभर हिंदीत नोटशीट लिहितो आणि रविवारी आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी डबा उघडून बसतो. (ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो डबा. खरा सीपीयू त्याच्या आत, बिस्किटाएवढा असतो. पण आपण डबा म्हणूया.) सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार ही, ‘कधीही बंद पडतो हो, काही नेम नाही.’ आणि त्यावर सगळ्यांना मिळालेला सल्लाही एकच, ‘फॉरमॅट मारून घ्या.’

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे. घर गळते म्हणून सामान अंगणात फेकायचे, भिंतींना चुना लावायचा आणि छपराला हात लावायचा नाही, असा तो प्रकार. कधीकधी त्याने गुण येतोही, ते आम्ही नाकारत नाही. पण बालाघाटच्या घरांतून आम्ही जे पाहिले, त्यात बहुतेक वेळा गळती छपरातूनच होती.

आणि ते सामान कोणते? आपली बहुतेक घरे इथे तीन-चार पिढ्यांची. मध्यप्रांत असताना नागपूर आपलीच राजधानी होती. 1956 साली राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. मुलांच्या शाळा हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. मराठी उरली ती घरात, मंडळात आणि आता या डब्यांत. कुणी कुलवृत्तांत टाइप करून ठेवला आहे. कुणी गेलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेपवरून उतरवून घेतल्या आहेत. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर दोन घरांत आहे, तिसरीकडे कुठेच नाही. म्हणून पहिली विनंती. डबा कुरकुरू लागला की दुरुस्तीच्या आधी त्यातला जिव्हाळ्याचा मजकूर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मेकॅनिकला फोन त्यानंतर.

आता एका घरची हकीकत जरा सविस्तर सांगतो. नाव सांगत नाही, ते काका-काकू इथेच बसले आहेत. काका निवृत्त शिक्षक, कुलवृत्तांत लिहीत होते. कॉम्प्युटर दिवसातून एक-दोनदा, काही न सांगता, गपकन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दोनदा फॉरमॅट झाला होता. पहिल्या वेळी नातवाच्या मुंजीचे फोटो गेले. दुसऱ्या वेळी वृत्तांताची चाळीस पाने गेली, ती काकांनी आठवून पुन्हा लिहिली. आता तिसऱ्या फॉरमॅटची तयारी चालली होती.

आम्ही डबा उघडला नाही. शंभर पानांची वही दिली आणि पंधरा दिवस तारीख, वेळ, त्या वेळी काय करत होतो आणि घरात दुसरे काय चालू होते, एवढे लिहायला सांगितले. शेवटचा रकाना काकांना निरर्थक वाटला. पण पंधरा दिवसांनी वही काकूंनी वाचली आणि चष्मा काढून म्हणाल्या, ‘अहो, या तर नळाच्या वेळा आहेत.’

सकाळी सहा-सव्वासहा, संध्याकाळी साडेपाच. नळ आला की काकू पाण्याचा पंप लावत आणि पंपाची वायर कॉम्प्युटरच्याच बोर्डावरून गेली होती. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वायर जुनी, जोड ढिले, त्यामुळे त्या क्षणी त्या लाइनवरचे व्होल्टेज खाली बसते. दिवा नुसता डोळा मिचकावतो. कॉम्प्युटरला तेवढी सवलत नसते. डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, एसएमपीएस, चांगला असेल तर साधारण 16 मिलिसेकंद कळ काढतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा एक फेराच 20 मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पुरता एक फेरा बुडाला तरी खेळ आटोपला. एसएमपीएस जुना झाला की ही दमछाक आणखी लवकर होते.

‘पण आमच्याकडे यूपीएस आहे ना,’ काका म्हणाले. होता. त्याच्यातली 12 व्होल्टची बॅटरी चार वर्षांची होती. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून आधी. संपलेल्या बॅटरीचा यूपीएस फार फसवा. वीज असताना हिरवा दिवा दाखवतो, व्होल्टेज पडले की भार बॅटरीवर टाकायला जातो आणि बॅटरीत काहीच नसल्याने स्वतःच मान टाकतो. घरी तपासायचे असेल तर सगळ्या फाइली बंद करून भिंतीवरचे बटण दाबा. पाच मिनिटे टिकला तर ठीक. टिकला नाही तर तो यूपीएस नाही, महागडा एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

बॅटरी बदलली, खर्च हजाराच्या आसपास. पंपाची लाइन मेन बोर्डावरून वेगळी ओढली. सकाळ-संध्याकाळचे बंद पडणे थांबले. काकांनी पेढे आणले आणि आठवडाभरात रात्री अकराला निळा पडदा आला.

वहीत पाहिले तर रात्रीच्या तीन नोंदी आधीच्याही होत्या. नळाच्या वेळांच्या गर्दीत त्या कुणी मोजल्याच नव्हत्या. म्हणजे दुखणी दोन होती. आम्ही पहिल्याच दिवशी बॅटरी, वायर आणि मेमरी सगळे एकदम बदलले असते, तर कशाने काय बरे झाले हे कधीच कळले नसते आणि खर्च तिप्पट झाला असता. म्हणून आमचा हट्ट असतो, एका वेळी एकच बदल, मग आठवडाभर वाट. लोक कंटाळतात. कंटाळोत.

इथे एक फरक ओळखायला शिका. वीज गेल्यासारखे गपकन बंद होणे हा बहुधा विजेचा नाहीतर उष्णतेचा मामला असतो. निळा पडदा येतो तेव्हा वीज ठीक असते. आत काहीतरी भलते घडले आहे हे ओळखून विंडोजने स्वतः काम थांबवलेले असते, पुढचे नुकसान टाळायला. त्या पडद्यावर कारणाचा एक शब्द असतो, तो मोबाइलने टिपून घ्या. पण मुळात विंडोजची रचना अशी असते, की पडदा दिसतो न दिसतो तोच मशीन आपोआप पुन्हा सुरू होते, मग घरची माणसे ‘गपकन बंद झाला’ असेच सांगतात. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या चौकटीत ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढली की पडदा थांबून राहतो. काही हौशी मंडळी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘कर्नल पॉवर 41’ ही नोंद आम्हाला मोठ्या विश्वासाने दाखवतात. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता सुरू झाले. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिण्यापैकी ते आहे.

काकांच्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे होते. डब्यात मेमरीच्या दोन पट्ट्या, एक मूळची, दुसरी नंतर घातलेली. प्लग काढून, आधी हात धातूला लावून, पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या सोनेरी दातांवरून शाळेतले खोडरबर फिरवले. पावसाळ्यानंतर या दातांवर चढलेला थर एवढ्यानेच निघतो आणि कित्येक घरी प्रश्न तिथेच संपतो. इथे संपला नाही. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते. ती सुरू झाली की एफ-1 दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा आणि रात्रभर चालू द्या. एकेक पट्टी ठेवून तपासले तेव्हा नंतरची पट्टी नापास झाली. ती काढली. मशीन थोडे संथ झाले, पण त्यानंतर बंद पडलेले नाही. कुलवृत्तांत सातव्या पिढीपर्यंत आला आहे.

उष्णतेचे दुखणे आपल्याकडे घरोघर. मे महिन्यात बालाघाटात पारा 43-44 ला जातो आणि आपण डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबून वर क्रोशाचे कव्हर घालतो. त्यात कूलर! कूलरचा ओला वारा समोरून, वर रस्त्याची धूळ. आतल्या पंख्यावर त्याचा असा नमदा बसतो की खरवडून काढावा लागतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. ओळखायची खूण अशी, दुपारी सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बंद, लगेच पुन्हा लावला तर दहाच मिनिटांत बंद आणि पहाटे मात्र तासन्‌तास ठीक. डबा व्हरांड्यात आणून ब्लोअरने धूळ उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरू देऊ नका. प्रोसेसरवरचा पंखा काढलाच, तर खालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

ज्यांचे मशीन 2000 नंतरच्या सहा-सात वर्षांतले आहे आणि अजून अभिमानाने चालवत आहेत, त्यांनी मदरबोर्डवरची छोटी नळकांडी, म्हणजे कॅपॅसिटर, डोळ्यांनी पाहावीत. माथा सपाट हवा. फुगला असेल किंवा तपकिरी काही पाझरले असेल तर निदान झाले. त्या काळात सदोष कॅपॅसिटर जगभर लाखो बोर्डांवर बसले होते. फॉरमॅटने ते सपाट होत नाहीत. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. बाहेरून मल्टीमीटर लावता येतो. पिवळी वायर 11.4 ते 12.6 व्होल्टच्या आत हवी, तीही मशीन कामात असताना.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो? अर्थिंग नाही. रिस्टार्टचे कारण तेच असेल असे नाही, पण ही गोष्ट रिस्टार्टपेक्षा गंभीर आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून जाड पीन मोडणारी माणसे आपल्यातच आहेत. आणि कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओता. तुळशीला घालता तेव्हाच घाला, म्हणजे विसरणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. काल काय नवे बसवले ते आठवा, ते काढून पाहा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. धडधाकट मशीन एका वाईट फाइलने कोसळू शकते, हे 19 जुलै 2024 रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट आला आणि सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांसकट. तिथेही उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची होती.

एका बाबतीत मात्र आमचे वही-पुराण बाजूला ठेवा. डब्यातून टक्‌-टक्‌ आवाज येत असेल, फाइल उघडायला मिनिटे लागत असतील तर हार्ड डिस्क जात आहे. तेव्हा कारणे शोधत वारंवार चालू-बंद करू नका. प्रत्येक वेळी थोडे-थोडे कायमचे जाते. सुरू आहे तोवर मोलाचे तेवढे आधी बाहेर काढा, मग मशीन बंद ठेवा आणि आम्हाला बोलवा.

आता कुणी विचारेल, खरोखरच काही नेम नसलेले बिघाड नसतातच का? असतात. बेल्जियममध्ये मे 2003 च्या निवडणुकीत शारबेक या गावी एका उमेदवाराला 4096 मते जास्त पडली, शक्य होती त्याहूनही जास्त. ही संख्या म्हणजे बाराव्या घातापर्यंत दोन. मशीनच्या मेमरीतला एकच ठिपका शून्याचा एक झाला होता. तपासात यंत्रात दोष सापडला नाही आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांवर संशय गेला. तेव्हा वर्षातून एकदा मशीन कोसळले तर खुशाल ताऱ्यांना दोष द्या आणि झोपा. आठवड्यातून तीनदा कोसळत असेल, तर तारे इतके नियमित आपल्या गल्लीत येत नाहीत.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून आम्ही तिघे याच सभागृहात बसणार आहोत. नुसता डबा आणा, मॉनिटर नको, तो इथे आहे. पॉवरची वायर मात्र घरचीच आणा, दोष पुष्कळदा तिच्यातच निघतो. आणि आजपासून तोवर वही लिहा. घरात दुसरे काय चालू होते, तो रकाना विसरू नका. तो काकूंना लिहू द्या.