खाट नाही, पुढं जा

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मुंबईतल्या कुठल्याही म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत एक रात्र बसून बघा. लोकलमधून पडलेला. परांचीवरून कोसळलेला बिगारी. स्टोव्हच्या भडक्यात 'चुकून' जळालेली सून. गटारात उतरून वायूनं गुदमरलेला आपलाच भाऊ. गावाकडं साप, विंचू, फवारणीचं विष. तारखा बदलतात, माणसं तीच. ही गर्दी नशिबानं जमत नाही. कुणाला कुठल्या कामाला जुंपलंय, ते स्ट्रेचरवर वाचता येतं.

आणि मग 'खाट नाही'. 1992 च्या जुलैत पश्चिम बंगालात एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. आरोग्य केंद्रानं मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं, म्हणून कलकत्त्याला नेला. तिथल्या सरकारी दवाखान्यानं तपासलं, एक्स-रे काढला, भरती करा असं लिहिलं आणि खाट नाही म्हणून पुढं पाठवलं! दुसरीकडं खाट नाही, तिसरीकडं सोय नाही. रात्र अशी गेली. सकाळी खाजगीत घातला. खर्च सुमारे 17,000 रुपये. पण गडी पश्चिम बंग खेत मजदूर समितीतला होता. समिती सुप्रीम कोर्टात गेली. 1996 ला कोर्टानं सांगितलं, सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम 21 मोडणं. पैसा नाही ही सबब चालायची नाही. भरपाई 25,000. त्याआधी 1989 लाच त्याच कोर्टानं बजावलं होतं: आधी जखमीला वाचवा, पोलिसांचे कागद मागाहून. डॉक्टर सरकारी असो की खाजगी.

हा झाला कायदा. पण दवाखान्याच्या दारापर्यंत माणूस जिता पोचवायचा कुणी?

ज्या काळ्या अमेरिकेकडून आपण पँथर हे नाव घेतलं, तिथलंच ऐका. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची. उपचार शून्य. 1967 ला तिथल्या बेकार पोरांना घेऊन फ्रीडम हाऊस अँब्युलन्स सुरू झाली. डॉ. पीटर सफार यांनी पोरांना तयार केलं. ज्यांना कुणी काम देत नव्हतं, ते रस्त्यावर माणसं वाचवू लागले. 1975 ला शहरानं सेवा बंद पाडून स्वतःची चालू केली, आणि काळी पोरं एकेक करून बाहेर. मोठेपणा कुणाच्या नावावर लागतो ते आपल्याला नवीन नाही.

आता सांगा, इथं किती जणांना बंद पडलेली छाती दाबायला येतं? हात वर करा. बघा! रविवारी नर्सबाई शिकवायला येणार आहेत. गल्लीगणिक दोघं पाहिजेत, त्यात एक पोरगी. आणि कुणी 'खाट नाही' म्हणालं तर आरडाओरडा करू नका. तेच केसपेपरवर लिहून मागा, वेळ घालून, सहीनिशी.

जय भीम.