राग कुठं थांबवायचा?



छत्रपती संभाजीनगरहून बीडकडं निघालं, की वाटेत पैठण तालुक्यातलं पाचोड लागतं. बहुतेकांना हे गाव मोसंबीच्या बाजारामुळं माहीत असतं. पण सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी माणसं पाचोडचं नाव वेगळ्याच कारणानं घेतात. इथं खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांनी इतरांना शिकवायचं काम केलं आणि त्या कामाचा परिणाम आकड्यांत दिसला. मी स्वतः आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचं काम करते. तेव्हा आज मी बोलणार आहे ते भावनिक बुद्धिमत्तेविषयी. तिचं पुस्तकी रूप बाजूला ठेवून, जी व्यक्ती कामाच्या ठिकाणी दुसऱ्याला घडवते तिला ही बुद्धिमत्ता कशी कमवावी लागते, ते पाहू.

आधी शब्दाचा थोडा उलगडा करू. १९९० मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना शास्त्रीय लेखातून मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि ही कल्पना जगभर घरोघरी पोचली. आपल्याकडंही बुद्ध्यांकाच्या जोडीला ‘भावनांक’ हा शब्द रुळला. साध्या भाषेत सांगायचं, तर यात चार गोष्टी येतात. माझ्या मनात आत्ता काय चाललंय हे ओळखणं, त्याला आवर घालणं, समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं आणि या तिन्हींच्या आधारे माणसांशी नीट वागणं. क्रम लक्षात घ्या. दुसऱ्याचा नंबर तिसरा आहे. पहिले दोन्ही धडे स्वतःचेच आहेत.

हे आपल्याला नवीन नाही, असं कुणी म्हणेल आणि ते खरंही आहे. षड्रिपूंची यादी आपण लहानपणापासून ऐकतो. पैठणच्या एकनाथ महाराजांची आख्यायिका तर या भागात पोराटोरांनाही ठाऊक असते. गोदावरीचं स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक माणूस थुंकतो. नाथ काही न बोलता पुन्हा स्नानाला जातात. असं एकशे आठ वेळा घडतं आणि शेवटी तो माणूसच वरमतो. म्हणून तर नाथांना शांतिब्रह्म म्हणतात. पण प्रश्न असा, की आपण संत नाही. आपल्याला महिन्याचा अहवाल द्यायचा असतो, वरून फोन येत असतात, घरी लेकरू तापानं फणफणलेलं असतं. अशा माणसानं शांती आणायची कुठून?

आता गटप्रवर्तक या पदाकडं पाहू. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागं एक ‘आशा’ आली. अशा साधारण वीस आशांमागं एक गटप्रवर्तक असते. कागदावर तिचं काम देखरेखीचं. ती गावोगाव जाते, नोंदी पाहते, आशांना शिकवते, अडलं तर सोबत घरभेटीला जाते. खरं म्हणजे कंपन्यांत ज्याला हल्ली ‘कोच’ म्हणतात, तेच हे काम. फरक इतकाच, की कंपनीतल्या कोचला वातानुकूलित खोली असते आणि आमच्या गटप्रवर्तक ताईंना एसटीचा थांबा.

या कामात सगळ्यात मोठा धोका कुठला? जायकवाडीच्या लाभक्षेत्रातल्या श्रोत्यांना मी काय म्हणते ते चटकन कळेल. कालव्याचं पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही, ही नेहमीची तक्रार. राग मात्र न चुकता टेलपर्यंत पोचतो. जिल्ह्याच्या बैठकीत तालुक्याला बोलणी बसतात. तालुक्याच्या बैठकीत गटप्रवर्तकेला बसतात. दुसऱ्या दिवशी ती आशाताईवर घसरते. आणि आशाताई? ती एखाद्या गरोदर सुनेला म्हणते, ‘किती वेळा सांगायचं तुला, कळत नाही का?’ ती सून पुढच्या वेळी पायाला सूज आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, हे सांगतच नाही. बोलणी खाण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिला वाटतं. ही लक्षणं रक्तदाब वाढल्याची असू शकतात आणि ती वेळेत कळली नाहीत तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. म्हणजे बैठकीत चढलेला आवाज शेवटी कुठं जाऊन पोचला, ते बघा. म्हणून कामाच्या ठिकाणी दुसऱ्याला घडवणाऱ्या माणसाला रागावर ताबा हवा, हे मी सभ्यतेपोटी सांगत नाही. त्या साखळीत कुणीतरी एकानं दार लावून घ्यावं लागतं. नाहीतर काम बिघडतं आणि क्वचित माणूसही हातचा जातो.

प्रशिक्षणात एका गटप्रवर्तक ताईंनी सांगितलेला प्रसंग मी नेहमी सांगते. आदल्या दिवशी बैठकीत त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. नोंदी अपुऱ्या, घरभेटी कमी. सकाळी त्या एका गावात गेल्या, तर आशाताईंच्या वहीत एका नवजात बाळाच्या चार भेटींच्या रकाने कोरे. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा घरभेटी करायच्या असतात. त्यातल्या चार कोऱ्या! ताई म्हणाल्या, ‘मॅडम, मस्तकात तिडीक गेली. तोंडात शब्द आले होते. मी पाणी मागितलं.’ पाणी येईपर्यंत त्यांनी मनाशी विचारलं, हा राग नक्की कुणावरचा आहे? उत्तर मिळालं की निम्मा कालचा आहे. मग त्या म्हणाल्या, ‘ताई, वही कोरी दिसतीय. काय झालं?’ उत्तर आलं, ‘बाळाला बघून आले हो मी, चारी वेळा. पण सासूबाई दवाखान्यात हायेत, रात्री तिकडंच असते. लिहायला टाइमच गावला नाही.’ दोघी मिळून त्या बाळाच्या घरी गेल्या, आईशी बोलल्या, भेटी झाल्याची खात्री केली आणि तिथंच बसून वही पूर्ण केली. आता विचार करा, आधी ओरडा बसला असता तर? आशाताईंनी मान खाली घातली असती आणि पुढच्या खेपेला वही भरलेली सापडली असती. पण भेटी झाल्या असत्या की नाही, देव जाणे. भीतीनं कागद भरतो. काम होईलच असं नाही.

या प्रसंगात तीन सवयी आहेत आणि त्या शिकता येतात.

पहिली सवय म्हणजे भावनेला नेमकं नाव देणं. आपण सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणतो. हा एक शब्द आल्यापासून आपण आपल्या भाषेतले किती शब्द वापरायचे सोडून दिले! चीड वेगळी, उद्वेग वेगळा. हिरमोड वेगळा, घालमेल वेगळी. धास्ती, रुखरुख, तगमग, शरम, अपमान या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. धास्ती असेल तर माहिती घ्यावी लागते. हिरमोड असेल तर कुणाशी तरी बोलावं लागतं. अपमान झाला असेल तर ज्यानं केला त्याच्याशीच तो मिटवावा लागतो, तिऱ्हाइतावर काढून चालत नाही. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस समोर दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव देतो, तेव्हा मेंदूतल्या भीती-संतापाशी जोडलेल्या भागाची हालचाल मंदावते, असं त्यांना आढळलं. आमच्या वर्गात आम्ही रोज सकाळी पाटीवर एकच शब्द लिहायला लावतो, आज मनात काय आहे तो. पहिले चार दिवस सगळ्या ‘चांगलं’ लिहितात. पाचव्या दिवसापासून खरं लिहायला लागतात.

दुसरी सवय मध्ये थोडा वेळ घालण्याची. पाणी पिणं, वही मिटून पुन्हा उघडणं, चप्पल नीट लावणं, काहीही चालेल. राग आला की शरीर आधी पेटतं आणि विचार मागून येतो. त्याला यायला सवड द्यायची, एवढाच यातला अर्थ. मोबाइलवर तर ही सवड फारच गरजेची. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एखाद्या ताईचं नाव घेऊन ‘तुमचंच काम मागे का?’ असं लिहायला पाच सेकंद लागतात, पण ते वाक्य पन्नास जणींसमोर कायमचं राहतं. चूक एकटीला सांगावी, कौतुक ग्रुपवर करावं. हा नियम पाळायला पैसा लागत नाही.

तिसरी सवय, सांगण्याआधी विचारणं. ‘का केलं नाही?’ या प्रश्नात आरोप असतो. ‘काय झालं?’ या प्रश्नात जागा असते. शब्द दोनच, पण समोरच्याचं तोंड उघडतं किंवा मिटतं ते त्यावरच.

आता पाचोडच्या मूळ गोष्टीकडं येते. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखालच्या इथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीन, अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा वर्ग सुरू केला. आठवड्यातले कामाचे दिवस, रोज संध्याकाळी एक तास, असे सव्वादोनशे तास. शिकवणाऱ्या कोण? गावातल्याच बायका. किमान सातवी शिकलेल्या. पुढं झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की १९९७ ते २००१ या काळात त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्य वय १६ वरून १७ वर गेलं. अठराव्या वर्षाआधी होणाऱ्या लग्नांचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आलं. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं, असं शहरात वाटेल. पण सोळा वर्षांच्या मुलीला विचारा, एक वर्ष म्हणजे काय ते.

मला या आकड्यांपेक्षा शिकवणाऱ्या बायकांचा विचार अधिक येतो. ज्या गावांत निम्म्या मुलींची लग्नं सोळाच्या आत होत होती, तिथलीच एक बाई समोरच्या पोरीला सांगते, की तुझं मत तू घरी मांड. हे सांगताना तिच्या मनात काय येत असेल? मला कुणी विचारलं होतं का, हा सल असेल. पोरींबद्दल माया असेल आणि त्यांना मिळतंय ते मला मिळालं नाही, अशी बारीकशी असूयाही असेल. ती माणसाला शोभणारीच गोष्ट आहे. दुसऱ्याला घडवणाऱ्या प्रत्येकाला या जागेवरून जावं लागतं. आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा, असं म्हणणारे वरिष्ठ आपण प्रत्येक कचेरीत पाहतो. तिथंच आत्मसंयमाची खरी कसोटी असते. रागापेक्षाही आपल्या वाट्याला न आलेलं दुसऱ्याला मोकळ्या हातानं देणं अवघड. रोज एक तास, वर्षभर ते करणाऱ्या बायकांना मी मोठ्या प्रशिक्षक मानते.

पण एक इशारा दिल्याशिवाय मला थांबता येणार नाही. संयम म्हणजे गिळणं नव्हे. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ च्या पुस्तकात विमानातल्या सेविकांचा अभ्यास मांडला. कामाचा भाग म्हणून सतत हसतमुख राहण्यातही श्रम असतात, हे त्यांनी दाखवलं आणि त्याला भावनिक श्रम असं नाव दिलं. आपल्या आशाताईंच्या आणि गटप्रवर्तकांच्या वाट्याला हे श्रम ढिगानं येतात. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या संपावर गेल्या, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. इतक्या सोशिक बायका रस्त्यावर कशा? मला त्यात विसंगती दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये शासनाला आशांच्या मानधनात दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर करावी लागली. आपल्या मनातली भावना ओळखणं, तिला नाव देणं आणि ती योग्य माणसापुढं, योग्य वेळी मांडणं, हेही संयमाचंच काम आहे. कमी मोबदला, जादा काम आणि वर ‘जरा सकारात्मक राहा’ असा सल्ला, याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणत नाहीत. म्हणून कोचचं काम दुहेरी असतं. वरून आलेला राग त्यानं खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालची अडचण वर पोचवल्याशिवाय राहायचं नाही. पहिलं केलं आणि दुसरं टाळलं, तर तो फक्त उशी होऊन बसतो.

तेव्हा श्रोतेहो, तुम्ही शाळेत मुख्याध्यापक असाल, दुकानात चार पोरं हाताखाली असतील, नाहीतर बचतगटाच्या अध्यक्ष असाल. उद्या कामावर गेल्यावर एवढंच करून बघा. कुणाला काही सुनावण्याआधी मनाशी विचारा, यातला माझा राग किती आणि दुसरीकडून आलेला किती? जेवढा दुसरीकडचा असेल तेवढा तिथंच परत न्या, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत. उरलेल्या रागाला बहुतेक वेळा ओरडावं लागत नाही. ‘काय झालं?’ एवढं विचारून भागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)